पीव्हीसीच्या गावात नवी एलपी

जळगावात नवी एलपी हातात घेऊन, उलटसुलट बघून, दुकानदाराला "जरा लावा बरं" म्हणायची सोय मला तरी सापडलेली नाही. गोलाणी मार्केटात मोबाइलची कव्हरं शंभर तऱ्हेची मिळतील, पण रेकॉर्ड वाजवायच्या टर्नटेबलचा पट्टा विचारला की काउंटरवरचं पोरगं आधी आपल्या तोंडाकडे बघतं. मुंबईत काळा घोड्याला ऱ्हिदम हाउस होतं तोवर कामानिमित्त गेलं की डोकावणं व्हायचं. ते २०१६ मध्ये बंद झालं. चोर बाजारात जुना माल मिळतो, पण नवी छापलेली प्रत हवी असेल तर खानदेशातल्या माणसानं ऑनलाइनच घ्यायची. फोटो बघायचा, स्टिकरवरची स्तुती वाचायची, अडीच-तीन हजार रुपये भरायचे आणि कुरिअरवाल्याच्या फोनची वाट बघायची. माल कसा निघाला ते सुई टेकल्यावर कळणार.

घरात अण्णांच्या जुन्या एचएमव्हीच्या रेकॉर्डी आहेत, कोलकात्याजवळ डमडमला छापलेल्या. त्यातल्या बऱ्याच लग्नाकार्यात, गणपतीत, शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे फिरून आल्यात. कुणी बोटं लावली, कुणी सुईच्या दांडीवर नाणं ठेवून वाजवल्या. त्यांच्या जागी स्वच्छ, नव्या प्रती याव्यात एवढ्याच हेतूनं मी नव्या एलपी घ्यायला लागलो. त्या तपासायची एक रीत हळूहळू बसत गेली, आणि ती बसवण्यात सगळ्यात मोठा वाटा कुणा गाण्यातल्या दर्दी माणसाचा नसून एका पाइपवाल्याचा आहे.

हा माझा मित्र मूळचा अमळनेरकडचा. एमआयडीसीत पीव्हीसी पाइपच्या कारखान्यात एक्स्ट्रूडरवर, म्हणजे पाइप काढणाऱ्या मशीनवर, त्याचा जन्म गेला. गाण्यातलं त्याला कळत नाही, किंवा कळतं पण तो कबूल करत नाही. पहिली १८० ग्रामची कोरी एलपी त्याच्या हातात दिली तेव्हा गाणी कुठली हे त्यानं विचारलं नाही. कडेवरून बोट फिरवलं, मी ओरडेपर्यंत जराशी वाकवून बघितली आणि म्हणाला, "हाई ते आपलं पीव्हीसीच शे, भो!"

खरंच होतं ते. एलपी म्हणजे विनाइल क्लोराइडचंच प्लास्टिक, त्यात थोडं विनाइल ॲसिटेट मिसळलेलं, आणि काळं दिसायला कार्बन. ज्या गावातून पाण्याचे पाइप देशभर जातात तिथे बसून मी रेकॉर्डच्या प्लास्टिकबद्दल अमेरिकन माणसांचं लिखाण धुंडाळत होतो.

मग मी त्याला रेकॉर्ड कशी बनते ते सांगितलं. आवाज आधी लॅकर चढवलेल्या ॲल्युमिनियमच्या तबकडीवर कोरतात. त्यावर चांदीचा अगदी पातळ थर, मग निकेल. ते निकेल सोलून काढलं की उलटी प्रत मिळते, तिला फादर म्हणतात. फादरवरून मदर, मदरवरून स्टॅम्पर. प्रेसमध्ये वर एक आणि खाली एक स्टॅम्पर, मध्ये गरम प्लास्टिकचा गोळा, त्याच्या दोन्ही अंगांना कागदी लेबलं, आणि शंभर टनांहून जास्त दाब. लेबलाला गोंद नसतो, ते त्याच दाबात बसतं. वाफेनं तापवायचं, लगेच पाण्यानं थंड करायचं, कडेचं वाढीव प्लास्टिक कापायचं, पुढचा गोळा. एका रेकॉर्डला अर्ध्या मिनिटाच्या आसपास वेळ लागतो. एका स्टॅम्परवरून हजारभर नग निघाले की त्यातली बारीक नक्षी झिजायला लागते.

त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि कारखान्यात रोज विचारतात तो प्रश्न मला विचारला. पाइपमध्ये दोष निघाला तर आम्ही आधी बघतो, म्हणाला, की हा या एका नगाचा दोष आहे की साच्याचा. नगाचा असला तर नग बदलून मिळतो. साच्याचा असला तर दहा नग बदलले तरी तेच. "आणि ड्रॉइंगच चुकीचं असलं तर?" मी विचारलं. तो हसला. "मंग ते ऑफिसवाल्याले विचार."

नग, साचा आणि ड्रॉइंग. इंटरनेटवर लोक 'उबदार', 'मोकळा', 'दाणेदार' असली विशेषणं उधळत असतात, त्यापेक्षा या तीन खणांनी माझं काम कितीतरी सोपं केलं. रेकॉर्डमध्ये काहीही खटकलं की ते कुठल्या खणात जातं तेवढं शोधायचं.

पण खानदेशात त्याच्याही आधी एक चौथी गोष्ट येते, ती म्हणजे ऋतू. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो. कुरिअरचं गोडाऊन पत्र्याचं, गाडी पत्र्याची. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत साठ अंश सहज होतात आणि त्या तापमानाला पीव्हीसीचा ताठा जायला लागतो. वरून एलपीवरचं घट्ट प्लास्टिकचं वेष्टन उन्हानं आणखी आवळतं आणि पुठ्ठ्यासकट रेकॉर्डला कमानीसारखं ओढतं. कारखान्यातून सरळ निघालेला नग भुसावळ ओलांडेपर्यंत वाकडा होऊ शकतो, आणि मग दोष कुणाला देणार? नेमके ऑनलाइन सेल उन्हाळ्यातच लागतात. मी त्यांच्याकडे बघत नाही. दसरा ते होळी हा माझा खरेदीचा हंगाम. आली की वेष्टन लगेच फाडायचं. संग्राहक लोक ते जपून ठेवतात, त्यांच्या गावी बहुधा वेगळा उन्हाळा असेल.

हिवाळ्याचीही एक कटकट आहे. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते की कागदी पाकिटातून रेकॉर्ड ओढली की चटचट आवाज येतो आणि हाताचे केस उभे राहतात. ही स्थिर वीज धूळ ओढून घेते. कोरी रेकॉर्ड पहिल्यांदा लावली आणि चुरचुर ऐकू आली म्हणून ती लगेच वाईट ठरवू नये. आधी धुवावी. धुण्यासाठी डिस्टिल्ड वॉटर घेतो. नळाच्या पाण्यात क्षार एवढे की वाळल्यावर खाचांत पांढरं राहतं. त्यात मेडिकलमधलं आयसोप्रोपिल अल्कोहोल थोडंसं आणि भांडी घासायच्या लिक्विडचा एखादा थेंब, मग पुन्हा निव्वळ डिस्टिल्ड वॉटरनं खंगाळायची. लेबल भिजू द्यायचं नाही. कंपनीचं कागदी पाकीट काढून आतून गुळगुळीत प्लास्टिकचं अस्तर असलेलं पाकीट घालायचं, कारण नव्या रेकॉर्डवरची अर्धी चुरचुर त्या कागदाच्या भुशाचीच असते.

पार्सल उघडताना मोबाइलवर सलग व्हिडिओ काढावा लागतो. तो नसेल तर विक्रेता परत घेत नाही. घरचे हसतात, हसू देत.

मग डोळ्यांची तपासणी. जेवणाच्या टेबलावरची काच सपाट आहे, तिच्यावर रेकॉर्ड ठेवून कड किती उचलली जाते ते बघतो. थोडीफार लाट सुई निभावून नेते. अंतर लांब असेल आणि चढउतार सावकाश असेल तर कानाला काही कळत नाही. एकाच जागी चिमटा काढल्यासारखा उंचवटा असेल तर ती परत. नंतर टॉर्च तिरका धरून खाचांवरून उजेड फिरवायचा. सगळीकडे सारखी चमक हवी. कुठे फिकट, पांढुरका पट्टा दिसला की शंका घ्यायची, कारण तिथे प्लास्टिक साच्यात पूर्ण भरलेलं नसण्याची शक्यता असते. लेबलाशेजारच्या रिकाम्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेले आकडे वाचून घ्यायचे. त्यांवरून कुठल्या कोरणीची प्रत आहे ते डिस्कॉग्स या रेकॉर्डींची माहिती देणाऱ्या वेबसाइटवर शोधता येतं, आणि काही वेळा कोरणाऱ्या इंजिनिअरची आद्याक्षरंही तिथेच सापडतात. पाठीवर छापलेल्या मजकुरापेक्षा त्या आकड्यांवर माझा जास्त विश्वास आहे.

वजनाचं म्हणाल तर १८० ग्रामच्या स्टिकरचं मला फार कौतुक होतं. सराफ बाजारात कामाला असलेल्या मावसभावाच्या काट्यावर एकदा दोन-तीन नव्या एलपी वजन करून बघितल्या. कुणी १७५ भरली, कुणी १८४. मावसभाऊ म्हणाला, "दादा, आमच्याकडे एवढा फरक पडला तर गिऱ्हाईक दुकान डोक्यावर घेईल." वजनानं आवाज सुधारत नाही. खाचेची खोली १२० ग्रामच्या रेकॉर्डमध्ये असते तेवढीच जाड रेकॉर्डमध्ये असते, सुई त्याच्या खाली जात नाही. जाड रेकॉर्ड थोडी कमी वाकते, हातात भारदस्त वाटते, एवढंच. उलट जाड प्लास्टिक थंड व्हायला जास्त वेळ घेतं, आणि प्रेसवर घाई झाली की तीच आधी वाकते, हे पाइपवाल्यानं मला न विचारताच सांगितलं होतं.

सराफाच्या काट्याचा खरा उपयोग सुईचा भार मोजायला झाला. माझ्या काट्रिजला, म्हणजे सुई बसवलेल्या डबीला, दोन ग्राम भार लागतो. काट्रिज धरणाऱ्या हातावरच्या (टोनआर्मवरच्या) आकड्यावर भरवसा ठेवण्यापेक्षा खिशातला छोटा इलेक्ट्रॉनिक काटा बरा. फक्त ताटली लोखंडी नको, नाहीतर काट्रिजमधलं चुंबक तिला ओढतं आणि आकडा खोटा येतो. बाकी ॲम्प्लिफायर, स्पीकर यांबद्दल लिहीत बसत नाही. माझे साधेच आहेत, आणि रोज तेच असल्यामुळे त्यांच्या खोडी मला पाठ आहेत. नवी रेकॉर्ड तपासायला महागड्या मशीनपेक्षा ओळखीचं मशीन कामाला येतं.

आता ऐकणं.

सुरुवात शांततेपासून. सुई टेकल्यापासून पहिला सूर येईपर्यंतचे काही सेकंद आणि दोन गाण्यांमधली पोकळी, तिथे प्लास्टिक स्वतः बोलतं. चांगल्या नव्या प्रतीत तिथे जवळजवळ काही नसतं. सारखी घसघस असेल तर माल किंवा स्टॅम्पर हलका. टक्, टक् असा ठरावीक आवाज येत असेल तर घड्याळ बघावं. एलपी मिनिटाला तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद. टक् बरोबर त्याच अंतरानं येत असेल तर एका जागी ओरखडा किंवा खडा आहे, धुऊन जातो का बघायचं.

हाच १.८ सेकंदांचा ठेका सुरांच्या बाबतीतही ऐकायचा. मधलं भोक मध्यावर नसेल तर प्रत्येक फेऱ्यात खाच आत-बाहेर सरकते, सुईखालचा तिचा वेग कमी-जास्त होतो आणि सूर वरखाली झुलतो. अर्ध्या मिलिमीटरची चूक बाहेरच्या कडेला फारशी कळत नाही. आतल्या कडेला तीच चूक जवळजवळ पाऊण टक्क्याच्या पुढे जाते. तबला किंवा ढोलकी असेल तोवर कान फसतो. लांबवलेला बासरीचा सूर, पियानो, तानपुरा यांत लपत नाही. सूर झुलतोय असं वाटलं तर टर्नटेबलचा हात मध्ये थांबल्यावर, म्हणजे गाणी संपून सुई शेवटच्या गोल खाचेत फिरत असताना बघावं. हात डावी-उजवीकडे हलत असेल तर संशय पक्का.

तिसरी जागा म्हणजे बाजूचं शेवटचं गाणं. फिरण्याचा वेग तोच, पण परीघ लहान होत जातो. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खाच सरकते, आत लेबलाजवळ २१ च्या आसपास. तेवढ्याच गाण्याला निम्म्याहून कमी जागा. त्यामुळे 'स', 'श', झांजा, संतूरचे टोकदार आघात, सगळं तिथे थुंकी उडाल्यासारखं फुटायला लागतं. रेकॉर्ड घेण्याआधीच मी गाण्यांच्या वेळांची बेरीज करतो ती याचसाठी. एका बाजूला अठरा-वीस मिनिटं असतील तर कोरणाऱ्याला मोकळीक असते. पंचवीसच्या पुढे गेलं की एक तर आवाज बारीक करावा लागतो, नाहीतर बास कापावा लागतो. 'एकाच एलपीत सोळा सुपरहिट' असं लिहिलेलं दिसलं की मी पुढे सरकतो.

या तपासणीसाठी माझी ठरलेली एलपी म्हणजे शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काबरा यांची १९६७ ची 'कॉल ऑफ द व्हॅली'. अहिर भैरवनं सुरू होते आणि दुसऱ्या बाजूच्या अगदी शेवटी पहाडी येतो. म्हणजे संतूर, बासरी आणि गिटार तिघंही सगळ्यात अरुंद जागी. कोनिकल, म्हणजे गोल टोकाच्या, सुईनं पहाडीतलं संतूर मला किणकिणण्याऐवजी कुरकुरीत ऐकू यायचं. त्याच काट्रिजवर इलिप्टिकल, म्हणजे लंबगोल टोकाची, सुई बसवल्यावर कुरकुर बरीचशी गेली. दोष नगातही नव्हता आणि साच्यातही नव्हता, माझ्या घरात होता. त्यामुळे शेवटच्या गाण्यावरून रेकॉर्डला नापास करण्याआधी दुसरी एखादी ओळखीची एलपी त्याच जागी लावून बघावी.

कान कशाशी जुळवायचे, हा एक प्रश्न उरतो. जानेवारीत आमच्याकडे बालगंधर्व संगीत महोत्सव असतो, तिथे मोठमोठी माणसं समोर बसून ऐकायला मिळतात. पण तोही आवाज माइकमधून आणि स्पीकरमधूनच येतो. त्यापेक्षा गल्लीतल्या भजनी मंडळाची पेटी आणि टाळ मला जास्त शिकवून गेले. खरा टाळ किती कर्कश नसतो आणि तरी किती लांबवर कापत जातो, हे एकदा जवळून ऐकलं की रेकॉर्डमधल्या झांजा खऱ्या की पत्र्याच्या ते लगेच समजतं.

आता ज्या एलपीनं मला सगळ्यात जास्त कामाला लावलं तिच्याविषयी. पन्नास-साठच्या दशकांतल्या हिंदी चित्रपटगीतांचा नवा छापलेला संग्रह. नाव आणि कंपनी सांगत नाही. झगमगीत कव्हर, १८० ग्राम, 'डिजिटली रिमास्टर्ड', म्हणजे जुना आवाज संगणकावर नव्यानं घडवलेला. यातली बरीच गाणी अण्णांच्या डमडमच्या प्रतीतही आहेत, म्हणून मुद्दाम घेतली.

पहिल्या प्रतीत एकाच वेळी चार गोष्टी खटकल्या. पहिल्या बाजूला मध्यंतरी उजव्या स्पीकरमधून कापड फाटल्यासारखी फर्रफर्र. टॉर्चमध्ये नेमका तिथेच फिकट पट्टा. दुसऱ्या बाजूला सूर झुलत होता. 'स' सगळीकडे टोचत होता. आणि एकंदर गाणं अंगावर येत होतं, आवाज कमी केला तरी.

धुतली, पुन्हा ऐकली. फर्रफर्र तशीच. मग विक्रेत्याला व्हिडिओ पाठवला. "सर, तुमची सुई तपासून घ्या," असं उत्तर. तीच सुई दुसऱ्या रेकॉर्डवर कशी वाजते त्याचा व्हिडिओ पाठवला. त्यावर बरेच दिवस शांतता, आणि शेवटी बदली प्रत आली. जुनी परत नको म्हणाले, म्हणून ती पाइपवाल्याला दिली. त्यानं ती कारखान्यात नेऊन करवतीनं आडवी कापली, जाडी ठिकठिकाणी मोजली आणि एका बाजूला ती जाड, दुसऱ्या बाजूला पातळ असल्याचं सांगितलं. गोळा मध्यावर पडला नव्हता किंवा नीट तापला नव्हता, असा त्याचा अंदाज.

बदली प्रतीत फर्रफर्र नव्हती. सूरही स्थिर होता. म्हणजे ते दोन्ही दोष नगाचे. पण टोचणारा 'स' आणि अंगावर येणारं गाणं जसंच्या तसं, त्याच जागी, आणि आतल्या गाण्यांतच नव्हे तर बाहेरच्या पहिल्या गाण्यातसुद्धा. सुई बदलून बघितली, तेच. इथे माझ्या डोक्यात तिसरा खण उघडला.

मोबाइलवर तीच गाणी रिमास्टर्ड आवृत्तीत लावली. दोन्हींची पातळी सारखी केली. मोबाइलमधलं आवाज मोजायचं ॲप यासाठी पुरतं, आणि हे केल्याशिवाय तुलना करूच नये, कारण अर्धा-एक डेसिबल मोठं वाजणारं कानाला नेहमी चांगलंच वाटतं. मग कळलं की दोन्हींत फरक जवळजवळ नाहीच. संथ आणि जोरकस जागा एका उंचीला आणून ठेवलेल्या, खरखर काढण्याच्या नादात आवाजाच्या भोवतीची हवाही काढून टाकलेली, मग ती पोकळी भरायला वरून चढवलेली झळाळी. शिवाय मूळ मोनो, म्हणजे दोन्ही स्पीकरना एकच आवाज देणाऱ्या, गाण्याला डावं-उजवं करून रुंद केलेलं, त्यामुळे गायिका मध्यात उभी न राहता भिंतभर पसरलेली. लॅकर उत्तम कोरलं असेल, स्टॅम्पर नवा असेल, पण त्यांच्या हाती आलं तेच हे. ड्रॉइंगच चुकीचं.

शेवटी अण्णांची प्रत काढली, धुतली, ॲम्प्लिफायरवरचं मोनोचं बटण दाबलं. मोनो रेकॉर्डमध्ये गाणं खाचेच्या आडव्या हालचालीत असतं; उभ्या हालचालीत नुसता कचरा. दोन्ही चॅनेल एकत्र केले की तो कचरा बराचसा एकमेकांना खाऊन टाकतो. तरी चुरचुर होतीच, एके ठिकाणी टक् टक् होती. पण गायिका एका जागी उभी होती, श्वास घेत होती आणि मागचं व्हायोलिन तिच्या मागेच होतं.

माझंच जुन्याचं प्रेम नको म्हणून बायकोला पाठमोरी बसवली आणि न सांगता आलटून पालटून दोन्ही वाजवल्या. ती म्हणाली, "दुसरी लावा. पहिलीत बाई चिडून गातेय." दुसरी अण्णांची होती. पाइपवाल्यालाही बसवलं. "माले ते काही फरक समजत नही," म्हणाला, पण चहा होईपर्यंत 'ती खरखरवाली' लावून ठेवायला त्यानंच सांगितलं.

यावरून कुणी असं समजू नये की डिजिटल आलं म्हणजे रेकॉर्ड बिघडली. तसं मीही मानत होतो. अमेरिकेतल्या मोबाइल फिडेलिटी या कंपनीच्या महागड्या एलपी मूळ टेपवरून थेट, पूर्ण ॲनालॉग पद्धतीनं, म्हणजे मध्ये आवाजाचे आकडे न करता, कोरलेल्या आहेत असं जगभरचे दर्दी धरून चालले होते. २०२२ मध्ये बाहेर आलं की त्यांतल्या अनेक रेकॉर्डींत मधली पायरी डिजिटल होती, आणि तीही कित्येक वर्षांपासून. ज्यांनी 'हाच खरा ॲनालॉग आवाज' म्हणून त्या वाखाणल्या होत्या त्यांची पंचाईत झाली. पण वाखाणलं ते चुकीचं नव्हतं. त्या रेकॉर्डी चांगल्याच वाजतात. मूळ टेप कुठली, ती हाताळणाऱ्यानं तिला किती रगडलं आणि कुणी कोरलं, यावर सगळं ठरतं. फीत आणि आकडे यांचं भांडण त्यानंतरचं.

आणि जुनं तेच बरं, हेही खरं नाही. माइल्स डेव्हिसच्या १९५९ च्या 'काइंड ऑफ ब्लू'चं घ्या. ध्वनिमुद्रणाच्या वेळी एक टेप मशीन जरा हळू चालत होतं, त्यामुळे पहिल्या बाजूची तिन्ही गाणी मूळ रेकॉर्डमध्ये किंचित चढ्या सुरात वाजतात. दुसऱ्या, बरोबर चालणाऱ्या मशीनवरची टेप वापरून ते १९९२ मध्ये दुरुस्त झालं. म्हणजे लाखमोलाची पहिली छपाई बेसूर आणि नंतरची साधी प्रत सुरात. माझ्याकडची नवी प्रत दुरुस्त केलेल्या सुराची आहे. सोबत पेटी वाजवून मी ते ताडून बघितलं. आमच्या पेटीचा स्वर कितपत बरोबर, हा प्रश्न बायकोनं विचारला होता, तो सोडून देतो.

यातून माझी खरेदी बदलली. वाद्यसंगीत, जॅझ, साठ-सत्तरच्या दशकांतलं स्टिरिओ ध्वनिमुद्रण नवं घेतो. तिथे नव्या प्रतीची शांतता खरोखर कामाला येते. आलापीच्या मागे चुरचुर नसणं याला मी अडीच हजार द्यायला तयार आहे. १९७० च्या आधीची चित्रपटगीतं मात्र जुनी, डमडमचीच शोधतो, दीडशे-दोनशेला मिळाली तर दोन प्रती घेतो आणि त्यातली बरी ठेवतो. नव्या संग्रहावर कव्हरचीच जाहिरात जास्त असेल आणि मास्टरिंग कुणी केलं, कोरलं कुणी, याचा पत्ता नसेल तर ती भिंतीवर लावायची वस्तू समजतो.

वाकडी रेकॉर्ड दोन काचांमध्ये धरून उन्हात सरळ करण्याचा सल्ला खूप जण देतात आणि मे महिन्यातली आमची गच्ची त्यासाठी जगात सर्वोत्तम असावी. एका भंगारातल्या एलपीवर करून बघितलं. सरळ झाली, पण वरच्या सुरांत खर आली. पाइपवाल्याच्या मते मऊ झालेलं प्लास्टिक सरळ होताना खाचेच्या भिंतीही बसतात. नव्या रेकॉर्डवर हा प्रयोग नको.

सध्या एका सरोदच्या एलपीवर डोळा आहे, जुन्या मैफलीची नवी छपाई. विक्रेत्याला तीन गोष्टी विचारल्या: मूळ टेपवरून केली का, कोरली कुणी, छापली कुठल्या कारखान्यात. काल उत्तर आलं: "१८० ग्राम आहे सर, टेन्शन घेऊ नका." ऑर्डर अजून दिलेली नाही.